हिचा रंग बाहीपाशी संपला

सोनचाफा
मागच्या आठवड्यात माहेरी होते. रात्रीची जेवणं उरकून सगळे मालिकेसमोर बसलो. नायिका सावळी, सासू तिच्या रंगावरून घालूनपाडून बोलते, ही खाली मान घालून चपात्या लाटते. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिनं हात उचलला आणि ब्लाउजची बाही जरा सरकली. माझी सहा वर्षांची भाची टीव्हीला नाक लावून बसली होती. ती म्हणाली, "मावशी, हिचा रंग बाहीपाशी संपला."

खरंच संपला होता. बाहीखालून दोन बोटं गोरी कातडी दिसत होती.

आई सहज म्हणून गेली, "अगं, मेकप आहे तो. ती मुळात छान गोरी आहे." भाची स्वतः सावळी आहे. तिनं आपली बाही वर केली आणि आत काय आहे ते बघत राहिली. मला त्या क्षणी काहीच बोलता आलं नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. सावळ्या मुलीची गोष्ट सांगायची आहे ना, मग सावळी मुलगी का घेत नाहीत? आणि या गोष्टींत रंगाचं दुःख कायम बाईच्याच वाट्याला का? तिचा नवरा, दीर, सासरे सावळे असले तरी त्यावर एक अवाक्षर नसतं. तुमचे अनुभव लिहा.

झुणकाभाकर
महाराष्ट्रात सावळी मुलगी मिळत नाही म्हणणं म्हणजे मालवणात मासळी मिळत नाही म्हणण्यासारखं आहे.

तटस्थ
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. अभिनय म्हणजे परकाया प्रवेशच. तिशीतला नट सत्तरीचा म्हातारा होतो, धडधाकट माणूस आंधळ्याची भूमिका करतो. तिथं आपण टाळ्या वाजवतो. मग गोऱ्या मुलीनं सावळी भूमिका केली तर इतकं काय? निर्मात्याला रोज एक भाग द्यायचा असतो, लोकांना माहीत असलेला चेहरा लागतो. तसा चेहरा सावळ्या मुलींत मिळत नसेल, तर तो तरी काय करणार?

जाईजुई
तटस्थ, तसा चेहरा 'मिळत नाही' की कुणी होऊच देत नाही?

रंगपेटी
इथं बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. मी रंगभूषा करते. बावीस वर्षं झाली. आधी नाटकं, आता मालिका. कुठल्या ते लिहीत नाही.

सोनचाफा, तुमच्या भाचीला जे दिसलं ते झाकण्यात आमचा अर्धा दिवस जातो. मुलीच्या मूळ रंगापेक्षा तीनचार छटा गडद बेस घ्यायचा. नुसता चेहऱ्याला लावून भागत नाही. मान, कान, कानामागं, पाठीचा ब्लाउजातून दिसणारा भाग, हात, पाय. ओल्या स्पंजानं थापत जायचं. सातची शिफ्ट असली की ती मुलगी पहाटे साडेपाचला माझ्या खुर्चीत. लाइटखाली घाम येतो, रंग ब्लाउजच्या काठाला लागतो, कपडेपटवाले दादा वैतागतात. कणीक मळायचा नाहीतर भांडी घासायचा सीन असला की हात धुतले जातात, मग पुन्हा पहिल्यापासून. कालच्या भागात ती जरा जास्त काळी, आजच्यात कमी, असं तुम्हाला दिसत असेल तर त्याचं कारण हे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्याच मालिकेत नायिकेची मैत्रीण, कामवाली, नर्स अशा भूमिकांना मुली येतात. त्यातल्या कितीतरी जात्याच सावळ्या असतात, कामाला उत्तम असतात. त्यांच्याबद्दल मला निरोप येतो, "जरा उजळ करा, फ्रेममध्ये डल दिसतेय." म्हणजे एकाच सकाळी, एकाच आरशासमोर, मी गोरीला काळं करते आणि सावळीला गोरं करते. दोघी शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसलेल्या असतात. त्या एकमेकींकडे आरशातून बघतात आणि मी ब्रश धुवायच्या निमित्तानं तिथून उठते.

निशिगंध
रंगपेटी, अंगावर काटा आला वाचून.

नाटकवेडा
रंगपेटी, लिहीत राहा. तटस्थ, तुमच्या 'मिळत नसेल तर काय करणार' ला आपल्याच मातीतलं उत्तर आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या हॉटेलात काम करणाऱ्या तरुणानं साडी नेसून तारामती केली. तेव्हाही कारण हेच, 'बायका मिळत नाहीत'. आणि त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं. काही महिन्यांत बायका कुठून उगवल्या? त्या होत्याच. मायलेकी नाटकात कामं करतच होत्या.

बालगंधर्वांचं स्त्रीरूप हे आपलं वैभव आहे, त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण त्या काळात घरंदाज बाईनं रंगमंचावर पाय ठेवू नये हाही दंडकच होता, हे विसरून चालणार नाही. बाईची भूमिका होती, बाईला जागा नव्हती. आज सावळीची भूमिका आहे, सावळीला जागा नाही.

तटस्थ
नाटकवेडा, हे मान्य. १९१३ चं उदाहरण मी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. तरी बाजाराचा मुद्दा मी सोडत नाही. लोक जे बघतात तेच दाखवलं जातं.

कऱ्हाकाठ
लोकांनी स्मिता पाटील बघितलीच ना? मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगायची ती. आमच्या चाळीत एका घरात टीव्ही होता, बातम्यांना अख्खी चाळ जमायची. तिला कुणी 'डल' म्हटल्याचं मला आठवत नाही. माझी मोठी बहीण तेव्हा कॉलेजात होती. रंगानं स्मितासारखीच. ती आरशासमोर तसा मधोमध भांग पाडून उभी राहायची. घरात तिला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. तिचं तिनं ते त्या पडद्यावरून उचललं.

गावाकडची
मी जरा उलटं सांगते. मी काळी आहे, सावळीसुद्धा नाही. लग्न ठरताना सासूबाईंनी 'मुलगी रंगानं डावी आहे' म्हणून दोन तोळे जास्त मागितले आणि माझ्या वडिलांनी ते दिले. मग ही असली मालिका लागली. सासूबाई रोज बघायच्या. एक दिवस टीव्हीतली सासू सुनेला रंगावरून बोलली आणि आमच्या सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "काय बाई आहे ही, शोभतं का?" मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या. त्यानंतर मला रंगावरून बोलल्या नाहीत. नायिका रंगवलेली होती हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी माझं काम झालं. तेव्हा सगळंच टाकाऊ ठरवू नका एवढंच म्हणणं.

सोनचाफा
गावाकडची, हे फार मोलाचं लिहिलंत. असं घडलं असेल याचा मी विचारच केला नव्हता.

निमगोरी
माझं सदस्यनाम बघा, ते माझ्या बायोडाट्यातून आलंय. आईनं 'सावळी' लिहिलं, मामानं खोडून 'गहूवर्णी' केलं, वधूवर सूचक मंडळातल्या काकूंनी तेही खोडून 'निमगोरी' केलं. मी तीच. मुलांच्या बायोडाट्यात उंची, पगार, फ्लॅट, गावची शेती. रंगाचा रकानाच नसतो, असला तर रिकामा.

लग्नाच्या एका मोठ्या संकेतस्थळानं रंगावरून स्थळं गाळायची सोय २०२० साली काढून टाकली, तेव्हा मला आनंद झाला होता. पण आमच्या काकूंच्या वहीत ती सोय अजून आहे. त्या 'नाकीडोळी नीटस' असं ज्या मुलीबद्दल म्हणतात, तिचा रंग न विचारता कळतो.

झुणकाभाकर
आणि 'स्मार्ट आहे' म्हणाल्या की आणखी दोन छटा गडद.

भीमाकाठ
रंगाबद्दल बोलताना जातीबद्दल बोललं नाही तर अर्धंच बोलून होतं. मी उजळ आहे. शाळेत एका बाईंनी माझं आडनाव कळल्यावर सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "वाटत नाहीस गं तू." त्यांना ते कौतुक वाटत होतं. माझी धाकटी बहीण काळी. तिला कुणी आडनावसुद्धा विचारलं नाही, परस्पर ठरवून टाकलं. मालिकेतली सावळी नायिका गरीब असते, सोशिक असते, पण तिचं आडनाव काय हे नीट बघा. ते जवळपास नेहमी सुरक्षित असतं. रंग घेतला, बाकी काही घेतलं नाही.

जाईजुई
भीमाकाठ, या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रतिसाद.

ह्यूस्टनकर
इथं अमेरिकेत एका जुन्या कार्टून मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. त्याला आवाज द्यायचा गोरा नट, हँक अझारिया, मुद्दाम तऱ्हेवाईक उच्चार करून. आमच्या मुलांना शाळेत त्या उच्चारांवरून चिडवायचे. २०२० च्या सुरुवातीला त्या नटानं हे काम सोडत असल्याचं सांगितलं तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे म्हणाले, बरं झालं, आमची भूमिका आमच्यापैकी कुणी का करू नये?

त्याच मंडळात त्याच वर्षी एका मुलीचं लग्न एका कृष्णवर्णीय मुलाशी ठरलं. मुलगा शिकलेला, दोन्ही घरं सुसंस्कृत. बायकांच्या घोळक्यात पहिला प्रश्न आला, "मुलं कशी होतील गं?" मी तिथं उभी होते. अपूबद्दल तावातावानं बोलणारी मीच, आणि मी त्या बाईला काही बोलले नाही. आज लिहिते आहे.

वेरूळकर
विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर. आमचं शहर, म्हणजे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, मलिक अंबरनं वसवलं. १६१० च्या सुमारास, खडकी नावानं. मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा. इथं येऊन निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्यानं जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. माझे आजोबा त्या नहरीचं पाणी प्यायलेले.

शाळेत मी त्याच्याबद्दल दोन ओळी शिकलो. आणि पडद्यावर हबशी कधी दिसला? ऐतिहासिक नाटक-मालिकांत सिद्दी म्हणून. नटाला काजळासारखा काळा रंग फासायचा, डोळे वटारायला लावायचे, पाठीमागून ढोल. जंजिऱ्याचे सिद्दी आपले शत्रू होते, तो इतिहास आहे आणि तो दाखवावा. पण काळा रंग दिसला की धोका, हे माझ्या मुलाच्या डोक्यात त्या ढोलानं भरलं. त्याला मी मुद्दाम मलिक अंबरच्या कबरीपाशी खुलताबादला घेऊन गेलो. "हा बाबा आपला होता की त्यांचा?" असं त्यानं विचारलं. "आपल्या पाण्याचा होता" असं उत्तर दिलं, दुसरं सुचलं नाही.

वानखेडे_नॉर्थ
वेरूळकर, तुमचं वाचून लिहायचं धाडस करतोय. ऑक्टोबर २००७, वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा एकदिवसीय सामना. त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू अँड्र्यू सायमंड्स सीमारेषेजवळ आला की स्टँडमधून माकडाचे आवाज. वडोदऱ्यात आधी तेच झालं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. मी आवाज काढला नाही, पण हसलो. शेजारचे काका लहान मुलाला खांद्यावर घेऊन तो आवाज काढत होते, मुलगाही काढत होता. काही लोकांना पोलिसांनी बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे म्हणत होते की हे तर हनुमानाचं नाव घेत होते, यात वर्णद्वेष कसला.

२०२० साली वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीनं सांगितलं की आयपीएलमध्ये त्याला 'कालू' म्हणायचे, आणि इतके दिवस त्याला ते कौतुकाचं वाटत होतं. आमच्या वर्गात एक काळ्या होता. त्याचं खरं नाव आठवायला मला तेव्हा दोन दिवस लागले.

डॉ_सदाशिव
त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो, तालुक्याच्या गावी. पडद्यावरचा रंग माझ्या ओपीडीत कसा येतो ते सांगतो.

लग्नाचा हंगाम जवळ आला की वीस-बावीस वर्षांच्या मुली येतात. गाल लालभडक, बारीक पुरळ, उन्हात गेलं की आग, हनुवटीवर लव वाढलेली. विचारलं की पर्समधून एक चपटी ट्यूब निघते. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. वांगासारख्या आजारावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे लावायचं औषध ते. या मुली ते दोनदोन वर्षं गोरेपणाची क्रीम म्हणून लावतात. कुणी मैत्रिणीनं सांगितलेलं, कुणी दुकानदारानं दिलेलं. लावलं की चार दिवसांत चेहरा उजळतो, थांबवलं की भडकतो, म्हणून पुन्हा लावतात. कातडी पातळ होऊन शिरा दिसायला लागतात. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण काउंटरवर काय चालतं ते मी पाहतो.

याहून वाईट म्हणजे लेबल नसलेल्या डब्या. त्यांत पारा असतो. केरळात मलप्पुरमकडे अशा क्रीमनी मूत्रपिंडाचे आजार झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीला मी म्हटलं, बाळ, तुझी मूळ कातडी निरोगी होती. तिची आई म्हणाली, "डॉक्टर, निरोगी कातडीला स्थळ येत नाही हो."

पाटलीणबाई
डॉक्टर, जाहिरातींवर कुणाचा वचक नाही का?

डॉ_सदाशिव
पाटलीणबाई, आहे थोडाफार. जाहिरात मानक परिषदेनं २०१४ मध्ये नियम काढले की गडद रंगाचा माणूस दुःखी, लग्न किंवा नोकरीत मागे पडलेला असा दाखवायचा नाही. १९५४ च्या चमत्कारी उपायांच्या कायद्यात गोरेपणाचे दावे आणण्यासाठी २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रानं दुरुस्तीचा मसुदाही काढला होता, पुन्हा पुन्हा गुन्हा केला तर पाच वर्षं कैद आणि पन्नास लाख दंडापर्यंत. १९७५ पासून 'फेअर' म्हणून विकली गेलेली क्रीम २०२० मध्ये 'ग्लो' झाली. मात्र पेशंट अजून जुन्याच नावानं सांगतात.

तटस्थ
पुरुषांसाठीही गोरेपणाची क्रीम २००५ मध्ये बाजारात आली होती, मोठे नट जाहिरात करायचे. म्हणजे दबाव फक्त बायकांवर आहे असं नाही.

निमगोरी
तटस्थ, तुमच्या रंगामुळे तुमच्या वडिलांनी कुणाला दोन तोळे दिले का? गावाकडचीचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

जाईजुई
लग्नाचं सोडा. केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर लिहिलं होतं. त्यांच्या आधी त्यांचे पती त्याच पदावर होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, यांचा कारभार तितकाच काळा जितका नवऱ्याचा गोरा होता. राज्यातली सर्वांत वरची प्रशासकीय खुर्ची मिळाली, तरी मोजायला रंगच काढला. नवऱ्याची तुलना आली ती पुन्हा कौतुकाच्या बाजूनं.

तटस्थ
निमगोरी, जाईजुई, पटलं. माझ्या बहिणीच्या वेळेला आमच्याकडेही 'थोडं वाढवून द्या' झालं होतं. ते मी हुंडा म्हणून लक्षात ठेवलं होतं, रंगाशी जोडलं नव्हतं.

अण्णा_फोटोवाले
कराडला स्टुडिओ आहे, एकतीस वर्षं. मी या पापात भागीदार आहे म्हणून लिहितो.

स्थळाचा फोटो काढायला मुलगी येते, सोबत आई नाहीतर आत्या. मुलीला बसवलं की आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणते, "अण्णा, जरा उजळ काढा." रोल होता तेव्हा प्रिंटला करायचो, आता संगणकावर. इतकं सवयीचं झालं की कुणी न सांगताही हात जातो. मग पाहुणे बघायला येतात, दार उघडतं आणि फोटोतली मुलगी आणि समोरची मुलगी वेगळी निघते. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर ते येतं, मुलीला ते दिसतं. एका मुलीनं नंतर दुकानात येऊन मला विचारलं, "अण्णा, तुम्ही मलाच का नाही काढलंत?" त्या वर्षापासून मी रंगाला हात लावत नाही. गिऱ्हाईक कमी झालं, झालं तर झालं.

रंगपेटी ताईंनी 'फ्रेममध्ये डल दिसते' लिहिलंय त्यावर एक धंद्याची गोष्ट. सावळी कातडी डल दिसत नाही, लाइट चुकलेला असतो. आमच्या काळी रंगीत फिल्म आणि प्रिंटचा रंग जुळवायला कोडॅक कंपनीची कार्डं असायची, त्यांवर गोरी बाई. सगळं तिच्यावरून बेतलेलं. समोरून फटकन फ्लॅश मारला की गोरा चेहरा खुलतो आणि सावळा सपाट होतो. सावळ्या चेहऱ्याला बाजूनं मऊ उजेड द्या, कपाळावर आणि गालाच्या हाडावर चमक येऊ द्या, मागं पांढरा पडदा ठेवू नका. मग बघा. हे शिकायला मला पैसे लागले नाहीत, आठ दिवस लागले.

रंगपेटी
अण्णा, हे मी उद्या आमच्या कॅमेरामन दादांना वाचून दाखवणार आहे. बाजूच्या लाइटचं मीही म्हणत होते, पण 'तुम्ही मेकप बघा' असं उत्तर मिळायचं.

नाटकवेडा
रंगपेटी, काय म्हणाले ते इथं जरूर कळवा.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला बरंचसं रंगपेटींच्या दोन खुर्च्यांत मिळालं. सावळ्या मुली तिथंच आहेत, शेजारच्या खुर्चीत, आणि त्यांना उजळ करणं चाललंय.

भाचीला आता काय सांगायचं हे मात्र कुणी लिहिलं नाही. मी काल तिला विचारलं, त्या दिवशी बाहीत काय बघत होतीस? म्हणाली, "माझा संपतो का ते. पण माझा सगळीकडे आहे." फार खूश होऊन सांगत होती.

अण्णा, आम्ही पुढच्या आठवड्यात साताऱ्याला येतोय. तिचा एक फोटो काढायचाय, घरात लावायला, मोठा. कराडला कधी येऊ?

अण्णा_फोटोवाले
मंगळवारी दुकान बंद असतं. बुधवारी या, अकराच्या आत. रस्त्याकडच्या खिडकीतून तेव्हा चांगला उजेड येतो. पोरीला पावडर लावून आणू नका.